वाळ्याच्या वासाचं पाणी

वसईजवळच्या आमच्या भुईगावात भूजलाची सरकारी पाहणी झाली, तेव्हा पाहणीला आलेल्या साहेबांनी एकही विहीर पाहिली नाही. हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. राग कधीच विरून गेला, आता नुसती किळस उरली आहे. ज्या खात्याचे हे साहेब, त्याच खात्याच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा नोकरीला होते, त्यामुळे ही किळस मला घरबसल्या मिळालेली नाही, ती मी पगारावर असताना कमावली आहे.

ऐंशी साल उलटून दोनतीन वर्षं झाली असतील. मी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले होते आणि पाण्याचे नमुने तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले होते. जागा तात्पुरती होती. जिल्ह्याच्या गावी मावशीकडे राहायचं आणि शनिवारी दुपारी सुटी झाली की भुईगाव गाठायचं, असा क्रम होता. घरी माझ्या नोकरीचं फार कौतुक. आई शेजारणींना सांगायची, "आमची पोर सरकारचं पानी तपासते," जणू मंत्रिमंडळ माझ्या हातचं पाणी पिऊन कामाला बसत होतं.

आमची वाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मधे पानवेल, कडेनं केळी, आणि एका कोपऱ्यात विहीर. समुद्र एवढा जवळ असून पाणी गोड कसं, असं पाहुणे नेहमी विचारत. आमच्याकडच्या कुठल्याही बागायतदाराला याचं उत्तर ठाऊक होतं, त्यासाठी पदवी लागत नव्हती. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. जपून उपसलं तर ते वर्षभर पुरतं, हावरटपणा केला की खालचं खारं वर येतं. म्हणून सकाळी दोन तास मोटर चालवायची आणि मग विहिरीला दम खाऊ द्यायचा, हा आमच्या आळीचा नियम होता. बाबा तर मोटर बंद झाल्यावर विहिरीजवळ मोठ्यानं बोलूही देत नसत. आम्ही भावंडं हसायचो.

मग गावाच्या कडेला बाहेरच्या लोकांनी जागा घेतल्या आणि खोल बोअर मारल्या. त्यांना ना पानवेल लावायची होती ना केळी. विरारला फुलपाड्याकडे इमारती उठत होत्या, त्यांना पाणी हवं होतं. टँकर पहाटेपासून रांगेत उभे राहायचे आणि संध्याकाळपर्यंत बोअरला क्षणाची उसंत नसायची. दोन उन्हाळ्यांत आमच्या वाड्यांतल्या विहिरींचं पाणी मचूळ झालं. साबणाला फेस येईना. पानवेलीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. पानवेल हे फार नाजूक प्रकरण, तिला पाण्यातलं मीठ जरासुद्धा सोसत नाही.

गावानं अर्ज केला. हिंदू आळी आणि ख्रिस्ती आळी एका कागदावर सही करते असं क्वचितच घडतं, पण तेव्हा घडलं. सरकारकडून उत्तर आलं की शास्त्रीय पाहणी करू, वाड्यांतल्या विहिरी खारावल्याचं सिद्ध झालं तर बोअर बंद करू. म्हणजे आमच्या पानवेली जगणार की मरणार हे त्या पाहणीतल्या बाटल्यांवर येऊन ठेपलं. मला वाटलं, आता काळजी नाही. मीठ कुणाच्या वशिल्यानं लपत नाही, बाटलीत असलं तर दिसणारच. इतकी मी तेव्हा भोळी होते.

बाटल्या आमच्या प्रयोगशाळेत एका मंगळवारी आल्या. लाकडी खोक्यात डझनभर, प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर विहिरीचा क्रमांक आणि मालकाचं नाव. सातव्या चिठ्ठीवर बाबांचं नाव होतं. हस्ताक्षर साहेबांच्या शिपायाचं.

पाण्यातलं मीठ मोजायची पद्धत तेव्हा सोपी होती. पाण्यात पिवळा रंग घालायचा आणि वरून नळीतून चांदीचं द्रावण थेंबथेंब सोडत राहायचं. मीठ संपलं की पिवळ्याचा विटकरी होतो. गोड्या पाण्याला थोडे थेंब पुरतात, मचूळ पाणी नळी रिकामी करायला लावतं. मी पहिली बाटली लावली. थोड्याच थेंबांत विटकरी. दुसरी लावली, तितक्याच थेंबांत विटकरी. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या तशाच. मला वाटलं माझंच द्रावण बिघडलं. नवीन केलं. पुन्हा तेच.

सातवी बाटली उघडली आणि मला वाळ्याचा वास आला.

आधी मला आपल्या नाकावर विश्वास बसेना. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वास घ्यायला दिला. त्या म्हणाल्या, "अगं, हे तर उन्हाळ्यातलं माठातलं पाणी!" वाडीतल्या विहिरीला कधी वाळ्याचा वास येतो? आमच्या घरी मात्र मार्च उजाडला की आई माठात वाळ्याची जुडी टाकायची. तो वास मी लहानपणापासून ओळखत होते.

नमुन्याच्या तक्त्यात 'वास' असा एक रकाना असायचा. मी त्यात प्रामाणिकपणे लिहिलं, वाळ्याचा. आमचे प्रमुख सगळे आकडे बघत आले. प्रमुख म्हणजे मोठे विद्वान, दाराबाहेरच्या पाटीवर त्यांच्या पदव्या मावत नसत. बारा विहिरींचे बारा आकडे सारखे पाहून त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "बघा, किती सुसंगत! याला म्हणतात काळजीपूर्वक काम." बारा वेगळ्या विहिरींचं पाणी एका थेंबाच्याही फरकाशिवाय सारखं कसं, ही शंका शाळेतल्या पोरालाही आली असती. प्रमुखांना आली नाही. मग त्यांची नजर वासाच्या रकान्यावर गेली. "हे काय? वास आहे किंवा नाही, एवढंच लिहायचं. कसला ते कुणी विचारलंय?" असं म्हणून त्यांनी लाल शाईनं 'वाळ्याचा' खोडलं आणि 'नाही' असं लिहिलं.

शनिवारी घरी गेले ती चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरले. आई भाजी चिरत होती.

"आई, साहेब आले तेव्हा बाटली कुणी भरली?"

"मी. का?"

"कुठल्या विहिरीची?"

"विहिरीची कशाला? माठातली भरली. आधी बाटली तीनदा विसळली, मग पानी फडक्यातून गाळलं." तिच्या आवाजात अभिमान होता. "साहेबाच्या हातात मचूळ पानी देऊ? आपली काय रीत हाय का नाय?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

साहेब जीपमधून आले ते अकरा वाजता. सोबत ड्रायव्हर, शिपाई, बाटल्यांचं खोकं आणि चामडी पेटीत मोजपट्टी. विहिरीत सोडून पाणी किती खाली आहे ते बघायची ती पट्टी, पण दिवसभर पेटीबाहेर आलीच नाही. वाडीतली वाट पाटाच्या पाण्यानं ओली होती आणि साहेबांचे बूट नवे होते. त्यामुळे त्यांनी ओटीवरच खुर्ची मागितली. आईनं केळी दिली. साहेबांनी केळी खाल्ली आणि भूगर्भशास्त्राला सुरुवात केली, म्हणजे बाबांना प्रश्न विचारायला लागले. विहीर किती खोल? खडक कुठं लागतो? उन्हाळ्यात पाणी किती उतरतं? बाबा त्यांच्या परीनं शुद्ध पुस्तकी मराठीत उत्तरं देत होते आणि साहेब ती वहीत उतरवून घेत होते. मग त्यांनी नकाशा पसरून पेन्सिलनं एक गोल काढला. मी तो नकाशा नंतर कार्यालयात पाहिला. त्यावर आमची विहीर समुद्रात पडली होती.

मग साहेब म्हणाले, "चला, नमुने भरा." शिपायानंही साहेबांच्या पंगतीला बसून केळी खाल्लेली, तो कशाला उठेल? त्यानं बाटली आईच्या हातात दिली आणि म्हणाला, "बाई, जरा पाणी भरून आणा." संपलं. एका शास्त्रीय पाहणीचा गाभा एका शिपायानं चार शब्दांत आमच्या बायकांकडे सोपवला आणि बायकांनी तो घराण्याच्या इभ्रतीनं सांभाळला.

आता आमच्याकडची रीत सांगते, नाहीतर आईला दोष लागेल. वाडीतल्या विहिरीचं पाणी झाडांना, गुरांना, कपड्यांना. पिण्याचं पाणी दोन्ही आळ्या उंचवट्यावरच्या एकाच जुन्या विहिरीवरून आणायच्या. तिच्यावर मोटर बसवायला कुणालाच परवानगी नव्हती, फक्त पोहरा. म्हणून ती तोवर गोड राहिली होती. पाहुण्याला द्यायचं पाणी तिथलंच. वाडीतल्या विहिरीचं पाणी पाहुण्यासमोर ठेवणं म्हणजे त्याला दारातून हाकलण्यासारखं. आता सरकारी साहेबच ओटीवर बसून पाणी मागतोय म्हटल्यावर कोण बाई त्याला वाडीतलं देईल? त्या दिवशी साहेब ज्या ज्या ओटीवर टेकले, त्या सगळ्या घरांनी तेच केलं होतं. शेजारच्या ख्रिस्ती मावशीनं तर पाणी उकळून, गार करून भरलं होतं. दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलेलं ती फार पाळायची. "साहेबाला जुलाब झाले असते तर गावाचं नाव गेलं असतं," असं ती मला गंभीरपणे म्हणाली.

म्हणजे बारा बाटल्यांत एकाच विहिरीचं पाणी होतं आणि ते सगळ्या वसईतलं सगळ्यात गोड पाणी होतं. आमच्या बायकांनी ते निवडून दिलं होतं.

मी बाबांवर ओरडले. "तुम्ही तरी ओटीवर होतात ना! तुम्हाला कळलं नाही का, पाणी कशाला मागतायत?" बाबा म्हणाले, "मला वाटलं साहेब शिकलेले हायत, त्यांना हवं ते ते सांगतील." हा आमच्या लोकांचा जुना रोग. सूट-बूट दिसला की स्वतःची अक्कल खुंटीला टांगून ठेवायची. जो माणूस मोटरच्या आवाजावरून पाणी कुठवर उतरलंय ते सांगू शकत होता, तो खुर्चीत केळी खाणाऱ्या माणसासमोर हात जोडून गप्प बसला. साहेबांबद्दल मला तिरस्कार वाटतो तो सरळ आहे. आमच्याबद्दल वाटतो तो जास्त खोल जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः नमुने घेतले. प्रयोगशाळेतल्या जास्तीच्या बाटल्या पुढच्या शनिवारी आणीन म्हटलं असतं तर आठवडा गेला असता, म्हणून ख्रिस्ती मावशीकडून औषधाच्या रिकाम्या बाटल्या घेतल्या, सोड्यानं धुतल्या आणि ज्या विहिरीचं पाणी घ्यायचं तिच्याच पाण्यानं बाटली विसळायची असं ठरवून निघालो. बाबा पुढे, मी मागे. घरोघर आमचं स्वागत झालं आणि मी विहिरीचं पाणी मागितलं की सगळ्यांचे चेहरे पडले. शेजारचे एक म्हातारे काका तर आडवेच आले. त्यांच्या मुलाच्या लग्नाचं बघत होते. म्हणाले, "मचूळ विहिरीच्या घरात पोरगी कोन देईल? सरकारच्या कागदावर नाव जाईल ते कायमचं." मी त्यांना समजावलं की नाव लिहीत नाही, फक्त क्रमांक लिहिते. तेव्हा कुठे त्यांनी रहाटाला हात लावू दिला. मीठ मोजण्याआधी माणसांची लाज मोजावी लागते, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

आमची विहीर शेवटी राहिली. बाबांनी स्वतः पोहरा सोडला, वर ओढला, आणि बाटलीत ओतायच्या आधी ओंजळीत घेऊन पाणी जिभेवर टेकवलं. दोन वर्षं ते त्या पाण्यावर पानवेल जगवत होते, करपलेली पानं खुडून लपवत होते, पण घरात त्यांनी तो शब्द कधी उच्चारला नव्हता. त्या दिवशी म्हणाले, "मचूळ हाय." मग ओंजळ झटकून, "चांगलंच मचूळ हाय." मला रडू आलं. मी बाटलीचं बूच लावण्याचं निमित्त करून मान खाली घातली.

सोमवारी मी कुणालाही न विचारता बाटल्या लावल्या. नळी रिकामी झाली तरी पिवळ्याचा विटकरी होईना. पुन्हा भरली. आमच्या विहिरीला दोनदा भरावी लागली. मला काय आनंद झाला! स्वतःच्या घरचं पाणी नासल्याचा पुरावा हातात आल्यावर कुणी नाचतं का? मी जवळजवळ नाचले. आकडे नोंदवहीत लिहिले, खाली सही केली आणि नोंदवही प्रमुखांसमोर नेऊन ठेवली. वाळ्याच्या वासापासून उकळलेल्या पाण्यापर्यंत सगळी हकीकत सांगितली.

प्रमुखांनी पाहणीवाल्या साहेबांना बोलावून घेतलं. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा जवळून पाहिलं. बूट खरोखरच चांगले होते.

"बाई, हे नमुने कुणी घेतले?" साहेबांनी विचारलं.

"मी घेतले."

"तुम्हाला नमुने घ्यायचा अधिकार आहे?"

"नाही. पण तुम्ही घेतलेले विहिरीचे नाहीत. घरातल्या माठातले आहेत."

"मी त्या त्या ठिकाणी हजर होतो," साहेब म्हणाले. हे खरंच होतं. ते ओटीवर हजर होते. मग चिठ्ठ्या चाळून त्यांनी सातवी वर काढली. "हे नाव तुमच्या वडिलांचं ना? मग यात तुमचा हितसंबंध आला."

मला वाटलं आता माझे आकडे केराच्या टोपलीत जाणार. पण या लोकांचा कोडगेपणा माझ्या कल्पनेच्या पुढचा होता. प्रमुख समजूतदार आवाजात म्हणाले, "बाईंनी मेहनत घेतली आहे. ती वाया कशाला घालवायची? दोन्ही वेळचे आकडे घ्या आणि सरासरी काढा." साहेबांना ही कल्पना एकदम पसंत पडली. पहिल्या बाटल्या रद्द झाल्या असत्या तर त्यांना पुन्हा भुईगावला जावं लागलं असतं, आणि आता तर पाऊसही तोंडावर येऊन ठेपला होता.

पिण्याच्या विहिरीचं गोड पाणी आणि वाडीतलं मचूळ पाणी, यांची सरासरी. जगात असं पाणी कुठेच नव्हतं. ते फक्त आमच्या कार्यालयाच्या कागदावर होतं आणि कागदावर ते पानवेलीला चालण्याइतकं बरं निघालं. मी म्हटलं, "अहो, असं कसं करता येईल?" प्रमुख म्हणाले, "खोटं काय आहे त्यात? दोन्ही आकडे तुम्हीच काढलेत. दोन्हीखाली तुमचीच सही आहे."

पक्का तक्ता टाइप होऊन आला. खाली 'तपासणार' असं लिहून जागा सोडली होती. प्रमुखांच्या टेबलावर त्याच वेळी माझ्या नोकरीत कायम होण्याचा कागद पडलेला होता. त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. नुसतं त्यावरचं काचेचं वजन उचललं, बाजूला ठेवलं आणि कपाळावरचा घाम पुसला. मला धमकी दिली असती तर मी कदाचित भांडले असते. भांडायला मी काही कमी नव्हते, शेजारच्या टेबलावरच्या बाई मला तोंडाळच म्हणत. पण मला कुणी धमकावलं नाही. मी आपली आपणच घाबरले, पेन उघडलं आणि स्वच्छ, वळणदार अक्षरात सही केली. पुढच्या महिन्यात मी कायम झाले. घरी आईनं पुरणपोळ्या केल्या आणि मी त्या खाल्ल्या.

अहवालात आलं की या भागातलं पाणी बागायतीस योग्य असून खारावल्याचा निर्णायक पुरावा आढळत नाही. बोअर चालू राहिल्या. टँकरवाल्यांना तर आता सरकारी शिक्काच मिळाला. पावसानंतर थोडे दिवस पाणी बरं लागलं, आणि होळीच्या सुमाराला पुन्हा तेच, पूर्वीपेक्षा वाईट. त्या उन्हाळ्यात पानवेलीची पानं नुसती कडेला करपली नाहीत, मधूनही पिवळी पडली. गावात मी शनिवारी गेले की लोक विचारत, "अगं, तुझ्या तपासणीचं काय झालं?" मी म्हणायची, "वर पाठवलंय." सरकारी नोकरीत दोन वर्षांत मी एवढं तरी शिकले होते.

बाबांनी मला न सांगता स्वतःचा वेगळा अर्ज केला होता. आमच्या विहिरीची पुन्हा तपासणी करा, असा. त्याचं उत्तर आलं तो नेमका शनिवार होता. मी घरात शिरले तर बाबा ओटीवर चष्मा लावून बसले होते. हातात तपकिरी पाकीट आणि मांडीवर दोन कागद. एक पत्र, आणि त्याला जोडलेली तक्त्याची नक्कल. मला बघून त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, साहेबांसमोर बोलायचे त्याच पुस्तकी मराठीत. "आपल्या विहिरीचे पाणी यापूर्वीच तपासण्यात आले असून ते बागायतीस योग्य असल्याने पुनर्तपासणीची आवश्यकता दिसत नाही." मग त्यांचं बोट तक्त्यावरून खाली सरकत गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं.

माझी सही त्यांना माहीत होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर मी त्यांची खोटी सही करायची तेव्हापासून ते माझं अक्षर ओळखत होते. त्यांचा चेहरा आधी उजळला. खरंच उजळला. "ही तुझी सही गं?" त्यांनी आईला हाक मारली, "अगो, इकडे ये, पोरीची सही बघ, सरकारच्या कागदावर हाय."

आई हात पुसत येईपर्यंत मी सगळं सांगून टाकलं होतं. सरासरी, प्रमुख, टेबलावरचा माझा कागद. भरभर सांगितलं, कुठेच थांबले नाही. बाबांनी ऐकून घेतलं. ते शिकलेले फार नव्हते, पण सरासरी म्हणजे काय ते त्यांना नीट कळलं.

"सही तू आपल्या मनानं केली?" एवढंच त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी कागद पाकिटात घातले. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर मी आयुष्यभर त्यांची ऋणी राहिले असते. त्यांनी चष्मा काढला आणि वाडीकडे बघत बसले. मोटर बंद होती, वाडीत सगळं शांत होतं.

जरा वेळानं शेजारचे काका आले, मुलाच्या लग्नापायी ज्यांनी मला विहिरीपाशी अडवलं होतं तेच. त्यांच्या हातात नवा अर्ज होता. दोन्ही आळ्या मिळून आता मुंबईला मोठ्या साहेबांकडे जाणार होत्या. अर्जात लिहिलं होतं की आमच्या विहिरी खारावल्या आहेत आणि आधीची तपासणी खोटी आहे. काकांनी लाजलज्जा सोडून पहिली सही स्वतः ठोकली होती. "भाऊ, तुमची सही दुसरी पाहिजे," ते म्हणाले. "सगळ्यात जास्त वेल तुमची गेली."

बाबांनी अर्ज पुरता वाचला. सावकाश, ओठ हलवत. 'खोटी' या शब्दापाशी ते थांबले. मी दारात उभी होते, मला म्हणायचं होतं की करा सही, जाऊ दे नोकरी. म्हटलं नाही.

बाबांनी अर्जाची घडी केली आणि काकांना परत दिली.

"नाय," ते म्हणाले. "आमच्या घरची सही आधीच झाली हाय."